आधी भांडा, मग फासे टाका!

समजा, रविवारची दुपार आहे. नव्या जालन्यात कुणाच्या तरी रूमवर तुम्ही पाच जण बसलाय. बाहेर ऊन मी म्हणतंय. मधे वह्या, पेन्सिली, मुरमुऱ्यांचा पसारा आणि वीस बाजूंचा एक फासा. गोष्ट चाललीय दोन हजार वर्षांपूर्वीची. तुम्ही सगळे सातवाहन काळातले व्यापारी. बैलगाड्यांवर हस्तिदंताचं सामान लादून भोगवर्धन नगरीच्या वेशीवर पोचलात. रात्र झालीय, वेस बंद आहे आणि पहारेकरी म्हणतोय, 'सकाळी या.'

काय कराल?

मेकॅनिकलवाला लगेच वही उघडतो. "भिंत किती उंच? आपल्याकडं चाळीस हात दोरी आहे. मी मागून चढतो." बदनापूरच्या अॅग्रीतली मैत्रीण पुढं सरकते, आवाज बदलते आणि पहारेकऱ्याला 'दादा' म्हणत गाडीतल्या चार मोसंब्या काढून देते. त्यावर बीएस्सीवाला उखडतो, "काहून फेकू राहिली? सातवाहनांच्या काळात मोसंबी कुठून आली?" बीएवाली म्हणते, मोसंबीचं जाऊ द्या, हा पहारेकरी माझ्या हरवलेल्या भावासारखा दिसतोय, त्याचं काय? आणि पाचवा, म्हणजे ही सगळी गोष्ट चालवणारा गेम मास्टर, डोकं धरून बसलाय.

पुढची पाऊण तास कुणी फासाच टाकत नाही. नुसती वादावादी. मोसंबी चालेल की नाही? भिंत चढायला किती पाहिजेत? नाटकं करायची गरज आहे का? आपण इथं जिंकायला आलोय की गप्पा मारायला?

तुम्हाला वाटेल, खेळाचा पचका झाला. तसं अजिबात नाही. तुम्ही जो वाद घालताय तो या खेळाइतकाच जुना आहे, आणि तो घालत घालतच हा खेळ पन्नास वर्षं टिकलाय.

ज्यांना हा प्रकार नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. टेबलटॉप रोलप्लेइंग गेम म्हणजे टेबलाभोवती (किंवा सतरंजीवर) बसून, बोलून खेळायचा खेळ. 'स्ट्रेंजर थिंग्ज'मधली पोरं तळघरात बसून खेळतात ना, तोच. एक जण गेम मास्टर होतो, तो जग उभं करतो. बाकीचे एकेक पात्र घेतात आणि 'मी हे करतो' म्हणून सांगतात. जे जमेल की नाही याची शंका आहे, तिथं फासा टाकायचा. लहानपणी चोर-पोलीस खेळताना 'तुला गोळी लागली', 'नाही लागली' हे भांडण व्हायचं आठवतंय? ते मिटवायला नियम आणि फासे आणले की झाला हा खेळ. यात पट नसला तरी चालतो, शेवट नसतो, आणि गंमत म्हणजे कुणी जिंकतही नाही.

कुणी जिंकतच नाही म्हटल्यावर 'चांगलं खेळणं' म्हणजे काय? सगळ्या भांडणाचं मूळ इथं आहे. क्रिकेटमध्ये स्कोअरबोर्ड असतो, बुद्धिबळात शह-मात असते. इथं कशावरून ठरवणार?

आता थोडं अमेरिकेत जाऊन येऊ, कारण खेळाची सुरुवात तिथली. १९६९ साली मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेस्ली नावाचा एक तरुण नेपोलियनच्या काळातल्या लढायांचे खेळ चालवायचा. टेबलावर शिशाचे सैनिक, मोजपट्टी, तोफांचे तक्ते, असा गंभीर मामला. एकदा त्यानं एक प्रयोग केला. ब्राऊनस्टाईन नावाचं काल्पनिक गाव घेतलं आणि प्रत्येक खेळाडूला सैन्य देण्याऐवजी एकेक माणूस दिला. कुणी महापौर, कुणी विद्यापीठाचा कुलगुरू. ठरलं होतं की आधी थोडी तयारी आणि मग लढाई. झालं भलतंच. खेळाडू कोपऱ्यात जाऊन कुजबुजायला लागले, एकमेकांशी सौदे करायला लागले, दोघांनी तर द्वंद्वयुद्धच पुकारलं. लढाई बाजूलाच राहिली. वेस्लीला वाटलं, आपला प्रयोग साफ फसला. खेळाडू मात्र त्याच्या मागं लागले, हेच परत खेळू म्हणून.

त्या खेळाडूंपैकी एक होता डेव्ह आर्नेसन. पुढं त्यानं आणि गॅरी गायगॅक्सनं मिळून १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' छापलं. पहिली आवृत्ती फक्त एक हजार प्रतींची होती.

बघा, म्हणजे जन्मतःच दोन घरं. एका घरात लढाईवाले: डावपेच, हिशेब, नियम. दुसऱ्या घरात सोंगवाले: पात्र, संवाद, गोष्ट. आणि छापलेली पुस्तकं इतकी त्रोटक, की निम्मं काय करायचं ते ज्याचं त्यानं ठरवायचं. मग प्रत्येक गावात वेगळाच खेळ सुरू झाला आणि प्रत्येकाला वाटायला लागलं की आपलाच खरा.

१९७५ साली लॉस एंजेलिसच्या ली गोल्ड या बाईंनी 'अलारम्स अँड एक्सकर्शन्स' नावाचं एक हौशी मासिक काढलं. त्याची पद्धत ऐका, फार भारी आहे. प्रत्येक खेळाडूनं आपली पानं स्वतः लिहून पाठवायची: आमच्या टेबलावर काय झालं, मला काय पटलं, गेल्या महिन्यात अमक्यानं लिहिलेलं कसं चुकीचं आहे. ली गोल्ड सगळी पानं एकत्र करून पोस्टानं सगळ्यांना धाडायच्या. पुढच्या महिन्यात त्यावर उत्तरं. त्यावर पुन्हा प्रत्युत्तरं. हा पत्रांचा फड थोडाथोडका नाही, जवळपास पन्नास वर्षं चालला! आणि बहुतेक वेळा भांडणारे एकमेकांना नावानं ओळखायचे, संमेलनात भेटले की एकाच टेबलावर बसून खेळायचे.

यातला मला सगळ्यात आवडणारा किस्सा खुद्द गायगॅक्सचा आहे. १९७५ साली त्यानं याच मासिकाला पत्र लिहून सांगितलं होतं की प्रत्येकानं आपापल्या पद्धतीनं खेळावं, मला तसाच वेगळेपणा हवाय, सगळीकडं एकसारखा खेळ होऊ नये यासाठी मी प्रयत्न करीन. आणि सात वर्षांनी, १९८२ मध्ये, तोच गायगॅक्स 'ड्रॅगन' मासिकात नेमकं उलटं सांगत होता: नियम बदलून खेळलात तर तो माझा खेळ राहत नाही. मधल्या काळात खेळ मोठा झाला होता, स्पर्धा सुरू झाल्या होत्या, कंपनी चालवायची होती. हेतू समजू शकतो. पण ज्यानं खेळ जन्माला घातला त्याचंच जिथं स्वतःशी एकमत नाही, तिथं तुमच्या रूमवर पाच जणांचं कसं होणार?

१९८० साली ग्लेन ब्लॅको नावाच्या खेळाडूनं एक लेख लिहिला, 'डिफरंट वर्ल्ड्स' मासिकात. त्यानं म्हटलं, भांडण कोण बरोबर याचं नाहीच. खेळाडूंना चार वेगवेगळ्या गोष्टींची भूक असते. कुणाला ताकद वाढवायची असते, मोठी तलवार, मोठा आकडा. कुणाला पात्र जगायचं असतं. कुणाला डावपेच लढवून अडचण सोडवायची असते. आणि कुणाला एक मोठी गोष्ट घडताना बघायची असते. बहुतेक टेबलांवर चौघांचंही थोडं थोडं असतंच, फक्त प्रमाण बदलतं.

वेशीवरची आपली मंडळी आठवा आता. मेकॅनिकलवाला दोरी मोजतोय, म्हणजे डावपेच. अॅग्रीवाली आवाज बदलून बोलतेय, म्हणजे पात्र. बीएवालीला भावाची गोष्ट पाहिजे. बीएस्सीवाला मात्र ब्लॅकोच्या चौकटीत नीट बसत नाही. त्याला जग खरं वाटायला पाहिजे, मोसंबी म्हणजे त्याच्या दाताखाली आलेला खडा. (त्याचं चुकत नाही. जालन्याच्या मोसंबीला जीआय मानांकन असलं तरी ती काही सातवाहनांच्या काळातली नाही. तिचं नावच मोझांबिकवरून पडलं असं म्हणतात.) त्याच्यासारख्यांसाठी नंतरच्या लोकांनी वेगळा कप्पा केला. तेव्हापासून कप्पे वाढतच गेलेत. मला स्वतःला कप्प्यांचा एका मर्यादेपलीकडं कंटाळा येतो. माणूस एका संध्याकाळीच दोनदा बदलतो. परीक्षा झाल्यावरच्या दिवशी कुणालाही नुसती मारामारीच पाहिजे असते.

वाद खरा रंगतो तो बारीक मुद्द्यावर. एक सांगते, तुमच्या ग्रुपवर टाकून बघा: गेम मास्टरनं फासे लपवून टाकावेत की उघड्यावर?

लपवून टाकणाऱ्यांचं म्हणणं असं. तीन महिने जपलेलं पात्र एखाद्या फालतू उंदरानं चावून मरणार असेल, तर मास्टरनं आकडा थोडा इकडंतिकडं करावा. गोष्ट महत्त्वाची, फासा नाही. शेवटी सगळे मजेसाठीच बसलेत ना? उघड्यावाले म्हणतात, मग फासा टाकताच कशाला? आम्ही वाचलो ते आमच्या अकलेनं की तुझ्या दयेनं, हे कळलंच नाही तर वाचण्यात काय मजा? मी बरीच वर्षं पहिल्या बाजूची होते. आता दुसऱ्या बाजूची आहे. कारण साधं: मास्टर आकडा बदलतो हे एकदा टेबलाला कळलं, की पुढच्या प्रत्येक विजयावर शंकेचा डाग पडतो. पण माझं हे मत खोडून काढणारे मुद्दे मला आजही पाठ आहेत, आणि एखाद्या नवख्या, पहिल्यांदाच खेळणाऱ्या पोरीचं पात्र पहिल्या दहा मिनिटांत मरायला लागलं तर माझा हात थरथरेल, हेही खरं.

अजून एक आजचा वाद आहे. २०१५ पासून 'क्रिटिकल रोल' नावाचा कार्यक्रम लोक बघतात. त्यात व्यावसायिक आवाज-कलाकार हा खेळ खेळतात, आणि बरीच वर्षं त्यांचा गेम मास्टर असलेला मॅट मर्सर प्रत्येक पात्राला वेगळा आवाज द्यायचा. ते बघून खेळायला आलेल्यांना वाटतं, खेळ असाच असतो. आणि मग आपला मास्टर, जो दिवसा प्रॅक्टिकलची जर्नल पुरी करतो आणि रात्री तुमच्यासाठी नकाशा काढतो, तो त्यांना फिका वाटायला लागतो. लाजाळू मित्राला 'अॅक्टिंग कर ना' म्हणून टोचणारे बरेच भेटतील. 'मी त्याला गोड बोलून पटवतो' एवढं म्हणून फासा टाकला तर बिघडलं काय? मेकॅनिकलवाल्याला भिंत चढायला सांगताना आपण त्याला खरी भिंत चढायला लावतो का?

हे सगळं ऐकून आपल्याकडच्या कुणाला तरी तमाशाचा फड आठवायला हवा. कलगी-तुरा! पूर्वी समोरासमोर दोन पक्षांचे शाहीर उभे राहायचे. कलगीवाले म्हणायचे शक्ती श्रेष्ठ, तुरेवाले म्हणायचे शिव श्रेष्ठ. एकानं कवनातून कूट प्रश्न टाकायचा, दुसऱ्यानं कवनातूनच तो सोडवायचा आणि उलटा सवाल करायचा. याला भेदिक शाहिरी म्हणतात. दोन गट कसे पडले याची आख्यायिकाही छान आहे: तुकनगीर नावाचे गोसावी आणि शाह अली नावाचे फकीर यांच्यात असा सवाल-जवाब रंगला, आणि चंदेरीच्या राजानं खूश होऊन एकाला तुरा दिला, दुसऱ्याला कलगी. म्हणजे हरलं कुणीच नाही. कोकणात आजही शक्ती-तुऱ्याचे सामने होतात आणि लोक रात्रभर बसून ऐकतात. इतक्या वर्षांत शिव मोठा की शक्ती मोठी याचा निकाल लागलाय का? निकाल लागला असता तर दुसऱ्या रात्री कोण आलं असतं ऐकायला?

मात्र आपल्याच परंपरेनं एक इशाराही देऊन ठेवलाय. न्यायसूत्रांत वादाचे तीन प्रकार सांगितलेत. सत्य शोधायला घातलेला तो वाद. जिंकायला घातलेला तो जल्प. आणि स्वतःचं काहीच न मांडता समोरच्याचं फक्त पाडायचं, ती वितंडा. आपला 'वितंडवाद' हा शब्द तिथूनच आलाय. टेबलावरचं भांडण यातल्या कुठल्या घरात आहे हे ओळखणं सोपं आहे. "तू असं खेळतोस तर तुला त्यात काय आवडतं?" असा प्रश्न निघाला तर वाद. "नियमपुस्तकात बघ, पान उघड, हारलास" असं चाललं तर जल्प. आणि "तुला खेळायची अक्कलच नाही" हे ऐकू आलं, की वितंडा. तिथं मुरमुरे आवरायचे.

आता मुद्द्याचं. पुण्या-मुंबईत एका टेबलावर पटलं नाही तर माणूस दुसरं टेबल शोधतो. तिथं कॅफे आहेत, क्लब आहेत. सोंगवाले एकीकडं, डावपेचवाले दुसरीकडं, आपापल्या घरात खुश. जालन्यात, अंबडला, परतूरला, भोकरदनला हे शक्य नाही. इथं मुळात पाच जण जमवायलाच दोन महिने जातात. त्यातला एक एमपीएससीचा क्लास लावतो, एक शनिवारी शेतावर जातो. उरलेल्यांपैकी एक जण न बोलता निघून गेला, तर खेळच संपला. आणि तो निघून जातो तो भांडून नाही, हे लक्षात घ्या. भांडणारा माणूस परत येतो. जो गप्प बसतो, ज्याला तीन रविवार कंटाळा आला पण 'जाऊ दे, कशाला बोलायचं' म्हणून हसत राहिला, तो चौथ्या रविवारी 'घरी पाहुणे आलेत' असा मेसेज टाकतो. मग पाचव्या रविवारीही पाहुणे येतात. मुलींच्या बाबतीत तर हे जास्तच होतं. टेबलावर चार पोरं आणि एक पोरगी असेल, आणि तिच्या पात्रावर चाललेली 'मस्करी' तिला आवडत नसेल, तर ती वाद घालत नाही, यायचं बंद करते. आणि मग ग्रुपला वाटतं, तिला इंटरेस्टच नव्हता.

यावर खेळाडूंनीच उपाय काढलेत. एक म्हणजे 'सेशन झीरो'. पहिल्या दिवशी खेळायचंच नाही, फक्त बोलायचं. पात्रं मरतील का? फासे उघडे की झाकलेले? मराठीत बोलायचं, हिंदीत की नियम इंग्रजीत आणि शिव्या मराठीत? कोणते विषय टेबलावर आणायचेच नाहीत? दुसरा उपाय २०१३ साली जॉन स्टाव्हरोपोलस यानं सुचवला. एका कार्डावर फुली काढून ते मधे ठेवायचं. चाललेला प्रसंग कुणालाही नकोसा झाला, की कार्डाला हात लावायचा. प्रसंग तिथंच बदलायचा, कारण विचारायचं नाही. यावरही अर्थातच जोरदार वाद झाले. 'खेळाची धार जाते' म्हणणारे आजही आहेत. मला वाटतं, जिथं लोक एकमेकांना शाळेपासून ओळखतात तिथं तर याची जास्त गरज आहे, कारण ओळखीच्या माणसाला 'नको' म्हणणंच अवघड असतं.

आणि एक सुचवू? हा वाद रूमच्या बाहेर काढा. आपल्या कॉलेजांत वादविवाद स्पर्धा होतातच की! विषय मात्र तेच ते: मोबाईल शाप की वरदान. त्याऐवजी एकदा 'गेम मास्टरनं फासे लपवावेत' हा विषय ठेवा. अनुकूल दोन, प्रतिकूल दोन. अट एकच, अर्ध्या वेळानं बाजू बदलायची. ऐकणाऱ्यांना खेळ माहीत नसला तरी चालेल, सुरुवातीला वेशीवरचा प्रसंग दहा मिनिटं खेळून दाखवा. त्या चाळीस-पन्नास पोरांमधूनच तुम्हाला सहावा, सातवा खेळाडू मिळेल. खर्च म्हणाल तर शून्याजवळ. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'चा मूळ नियमगाभा २०२३ पासून सगळ्यांना मोफत वापरता येतो. वीस बाजूंचा फासा नसेल तर एक ते वीस आकड्यांच्या चिठ्ठ्या करा आणि डब्यात टाका.

गोष्ट तर पायाखालीच पडलीय. भोगवर्धन म्हणजे आपलं भोकरदन. पैठणहून उत्तरेला जाणाऱ्या व्यापारी वाटेवरचं गाव. सांचीच्या स्तूपाला दान देणाऱ्यांच्या शिलालेखांत भोगवर्धनच्या लोकांची नावं आहेत. १९७३ मध्ये तिथं उत्खनन झालं, तेव्हा हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा एक तुटका भाग सापडला, आणि तशीच मूर्ती १९३८ साली थेट इटलीत, ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात मिळाली होती. ती तिथं कशी गेली असेल? कुणी नेली? वाटेत किती वेशी लागल्या असतील? उत्खननाच्या पुढच्याच वर्षी तिकडं अमेरिकेत तो एक हजार प्रतींचा खेळ छापला गेला, पण त्यात किल्ले आणि ड्रॅगन होते. हस्तिदंताच्या गाड्या कुणी तरी अजून लिहायच्यात.

तर, वेशीवर परत. पहारेकरी ताटकळलाय. पाऊण तासाच्या भांडणानंतर टेबलावर तह झालाय: मोसंबी नाही, बोरं. बोरं तेव्हाही होती, बीएस्सीवाल्याची हरकत नाही. अॅग्रीवाली पहिल्यापासून परत 'दादा' म्हणून सुरू करते. बीएवाली त्याच्या चेहऱ्याकडं टक लावून बघतेय. आणि सगळं लक्ष इकडं असताना मेकॅनिकलवाला हळूच म्हणतो, "मी तोवर मागून दोरी टाकली."

मास्टर उसासा टाकतो. "टाक फासा. उघड्यावर."

चार पडतात.